एसएसडी अचानक दिसेनाशी झाली, तर आधी काय कराल?

पावसाळा सुरू झाला की घणसोलीच्या आमच्या छोट्या डेटा रिकव्हरी वर्कशॉपमधले फोन वाढतात. "ताई, रात्रीपर्यंत चालू होती, सकाळी दिसतच नाहीये." ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने लोक येतात. हातात लॅपटॉप असतो, नाहीतर रुमालात गुंडाळलेली बोटभर लांबीची पट्टी, म्हणजे एसएसडी, कॉम्प्युटरचा सगळा डेटा साठवणारा भाग. गेल्या जुलैत कळव्याहून एक काकू आल्या. त्यांनी एसएसडी पोळ्यांच्या डब्यात तांदळात पुरून आणली होती. तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं होतं, कॉम्प्युटर भिजला होता, आणि भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या मिस्टरांच्या शेवटच्या तीन वर्षांचे फोटो त्या ड्राइव्हमध्ये होते. कनेक्टरच्या खाचेत अडकलेली कणी मी चिमट्याने काढत होते आणि त्या शेजारच्या स्टुलावर बसून एकेका दाण्याकडे बघत होत्या.

त्यांचे फोटो मिळाले. तांदळाचा त्यात काही हात नव्हता. भिजल्यापासून त्या ड्राइव्हला कोणी वीज दिली नव्हती, म्हणून मिळाले.

हे मुद्दाम पहिल्यांदा सांगते, कारण माझ्या टेबलावर आलेल्या ज्या ड्राइव्हमधून काहीच निघालं नाही, त्यांतल्या बऱ्याच बंद पडल्यानंतरच्या पहिल्या तासा-दोन तासांत गेल्या. घरातल्यांनी, मित्रांनी, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मदत करायच्या ओढीने काहीतरी केलं आणि आत शाबूत असलेला डेटा गेला. ज्यांची एसएसडी आत्ता, आज बंद पडली आहे आणि ज्यांना यातलं फारसं काही माहीत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सगळ्यात आधी: वीज काढा

ड्राइव्ह दिसत नसेल, किंवा चुकून फाइली डिलीट झाल्या असतील, तर मशीन बंद करा. पॉवरचं बटण दाबून धरा आणि बंद करा. नेहमीसारखं शटडाऊन केलं तर जाता जाता विंडोज बरंच काही लिहून ठेवतं. बाहेरून लावायची ड्राइव्ह असेल तर केबल काढून ठेवा.

याला एकच अपवाद. ड्राइव्ह हळू का होईना उघडतेय, फाइली दिसतायत, पण नवीन काही सेव्ह होत नाही, अशी स्थिती असेल तर बंद करू नका. आतल्या राखीव जागा संपल्या की काही एसएसडी स्वतःला 'फक्त वाचा' अशा अवस्थेत नेऊन ठेवतात आणि पुढच्या रीस्टार्टला कायमच्या गप्प होतात. अशा वेळी ताबडतोब दुसरी ड्राइव्ह लावा आणि सगळ्यात मोलाचं फोल्डर आधी कॉपी करा. सिनेमे, इन्स्टॉलर वगैरे राहू द्या.

एसएसडीचं दुखणं हार्डडिस्कसारखं का नसतं

हे थोडं समजून घ्या, म्हणजे पुढच्या सूचना नुसत्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

हार्डडिस्कमध्ये फिरती तबकडी असते. फाइल जिथे लिहिली तिथेच राहते. बिघडताना ती बहुतेक वेळा आवाज करते, टकटक करते, अडखळते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. मेमरी चिप्स आणि त्यांच्यावर हुकूम चालवणारा एक कंट्रोलर, एवढाच कारभार. या चिप्स ज्या नॅंड फ्लॅश तंत्रावर चालतात, ते तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांच्या गटाने १९८७ साली मांडलं. त्या तंत्राची एक अडचण आजही तीच आहे: आधी लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. लिहिताना काही किलोबाइटचं एक पान लिहिता येतं, पण पुसायचं तर अशा शेकडो-हजारो पानांचा अख्खा गठ्ठा एकदम पुसावा लागतो.

म्हणून तुम्ही फाइल बदलली की कंट्रोलर ती नव्या जागी लिहितो, जुनी जागा 'नंतर पुसायची' म्हणून टिपून ठेवतो आणि कुठे काय आहे याचा एक नकाशा सांभाळतो. वाशीच्या एपीएमसीत एखादं मोठं गोदाम डोळ्यांसमोर आणा. एकेका व्यापाऱ्याचं पोतं फोडून माल आठ गाळ्यांत विभागून ठेवलाय, पोत्यावर कुणाचं नाव नाही, आणि मुनीम रोज रात्री माल इकडचा तिकडे हलवतो. कुठल्या गाळ्यात कुणाचं काय आहे ते फक्त त्याच्या वहीत. वही भिजली तर माल गोदामातच असतो, पण कुणाला काय द्यायचं ते कळत नाही.

एसएसडी 'गेली' म्हणतात तेव्हा पुष्कळदा ही वही खराब झालेली असते. लिहिणं चालू असताना लाइट गेली, नकाशाचा ताजा भाग अजून चिपवर उतरला नव्हता, आणि पुढच्या वेळी कंट्रोलरला स्वतःचाच नकाशा वाचता आला नाही. सर्व्हरसाठीच्या महागड्या ड्राइव्हमध्ये अशा वेळी क्षणभर वीज पुरवायला छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. घरगुती ड्राइव्हमध्ये ते सहसा नसतात. पावसाळ्यात आमच्याकडे गर्दी का होते, ते आता लक्षात आलं असेल.

आणखी एक गोष्ट. चिपवरचा डेटा जसाच्या तसा लिहिलेला नसतो. पेशी नीट टिकाव्यात म्हणून कंट्रोलर तो ठरावीक पद्धतीने विस्कटतो, चुका दुरुस्त करणारे कोड जोडतो, अनेक चिप्सवर वाटून टाकतो, आणि आजच्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये तो एन्क्रिप्टही करतो, म्हणजे कुलूपबंद करतो, तुम्ही कुठलाही पासवर्ड ठेवला नसला तरी. त्या कुलपाची किल्ली कंट्रोलरच्या ताब्यात असते. 'चिप काढून दुसऱ्या ड्राइव्हवर लावली की झालं' असं कोणी सांगितलं तर हे आठवा. जुन्या पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांत चिप काढून वाचण्याची युक्ती चालायची. आजच्या एसएसडीत चिप काढली तर बहुतेक वेळा हाती येतो तो निव्वळ कचरा.

मग ओळखा: नेमकं काय झालंय

*फाइल डिलीट झाली किंवा फॉरमॅट झालं.* ड्राइव्ह ठणठणीत आहे, चूक माणसाची आहे. लोकांना वाटतं हे सगळ्यात सोपं प्रकरण. एसएसडीत हेच सगळ्यात अवघड.

हार्डडिस्कवर डिलीट केलेली फाइल तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पडून असायची. एसएसडीत विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ट्रिम नावाची सोय आहे. तुम्ही रिसायकल बिन रिकामी केलीत की ऑपरेटिंग सिस्टिम ड्राइव्हला कळवते, 'या जागा आता नकोत.' त्यानंतर बऱ्याच ड्राइव्ह त्या जागा वाचायला गेलं की सरळ शून्यं दाखवतात, आणि कंट्रोलर फावल्या वेळात तिथला गठ्ठा खरोखर पुसून टाकतो. हे काम ड्राइव्हच्या आत चालतं. कॉम्प्युटरवर तुम्ही काही करत असा वा नसा, वीज मिळत राहिली की ते चालूच राहतं. क्विक फॉरमॅट केलं तरी त्या अख्ख्या भागासाठी ट्रिमची आज्ञा जाते.

आशा कुठे उरते? फाइल अजून रिसायकल बिनमध्ये असेल तर ट्रिम झालेलं नसतं. बाहेरच्या यूएसबी केसमधली ड्राइव्ह असेल तर पुष्कळ केसेस ट्रिमची आज्ञा पुढे पोचवतच नाहीत, तिथे रिकव्हरी सॉफ्टवेअरला यश येऊ शकतं. आतली ड्राइव्ह असेल आणि डिलीट केल्यावर लगेच, अगदी मिनिटांत, वीज काढली असेल तर लॅबमध्ये कधी कधी काही मिळतं. दोन दिवस लॅपटॉप वापरून मग आलात तर मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.

*ड्राइव्ह अजिबात दिसत नाही.* आधी साध्या शंका फेडून घ्या. एम.२ पट्टीचा स्क्रू सैल होऊन ती खाचेतून किंचित वर आलीय का? साटा ड्राइव्ह, म्हणजे केबलने जोडलेली, असेल तर दुसरी केबल लावून पाहा. पट्टी काढून यूएसबी केसमध्ये लावली आणि दिसली नाही, म्हणून 'मेली' असं समजू नका. एम.२ आकारात जोडणीच्या दोन जाती येतात, साटा आणि एनव्हीएमई, आणि बऱ्याच स्वस्त केसेस त्यातली एकच ओळखतात. सोनेरी पट्ट्यांच्या कडेला दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई. दुकानात केस घेताना पट्टी सोबत नेऊन दाखवा. आणि काही नव्या लॅपटॉपमध्ये इंटेलचं व्हीएमडी, म्हणजे ड्राइव्ह सांभाळणारी एक सोय, चालू असतं. तिथे बायोसला, म्हणजे मशीन चालू होताच विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामला, ड्राइव्ह दिसते, पण विंडोजच्या इन्स्टॉलरला दिसत नाही. लोक ड्राइव्ह गेली समजून रडकुंडीला येतात आणि आत सगळं जागच्या जागी असतं.

लाइट गेल्यानंतर ड्राइव्ह दिसेनाशी झाली असेल तर एक उपाय एकदा करून बघण्यासारखा आहे, क्रूशल कंपनी आपल्या ड्राइव्हसाठी स्वतःच तो सुचवते. मशीन चालू करून बायोसच्या स्क्रीनवर वीसेक मिनिटं तसंच राहू द्या, मग बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा तेच करा. कंट्रोलरला शांतपणे नकाशा जुळवायला वेळ मिळतो. ड्राइव्ह परत दिसली तर आनंदाने लॅपटॉप बंद करून झोपायला जाऊ नका, तेव्हाच्या तेव्हा कॉपी करा. आणि डेटा असा असेल की गेला तर आयुष्यभर हळहळ राहील, तर हाही उपाय न करता सरळ लॅब गाठा.

*दिसते, पण भलतीच.* पाचशे जीबीची ड्राइव्ह दोन एमबीची दिसते, किंवा शून्य, किंवा कंपनीच्या नावाऐवजी 'साटाफर्म एस११' असं विचित्र नाव येतं. म्हणजे कंट्रोलरला वीज मिळतेय, तो जागा आहे, पण स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्राम, किंवा नकाशा त्याला उचलता येत नाही. इंटेलच्या ३२० मालिकेतल्या ड्राइव्ह २०११ मध्ये अचानक वीज गेल्यावर आठ एमबीच्या दिसू लागल्या होत्या, कंपनीने दुरुस्तीचं फर्मवेअर काढलं होतं. याच प्रकाराबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, त्यासाठी खाली वेगळी जागा ठेवलीय.

*दिसते, पण अडकते.* फोल्डर उघडायला पाच मिनिटं, मध्येच गायब, कॉपी ४० टक्क्यांवर थांबते. पेशी थकल्यात, किंवा वाचताना चुका इतक्या आहेत की कंट्रोलर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतोय. इथे इमेज, म्हणजे अख्ख्या ड्राइव्हची प्रत, घेणं हा मार्ग आहे, तोही पुढे येतोच.

*बिटलॉकर किल्ली मागतोय.* बिटलॉकर म्हणजे विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप. निळा स्क्रीन, ४८ आकडी किल्ली मागणारा. नव्या विंडोज ११ लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलं की बहुतेक वेळा एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, मालकाला पत्ताही नसतो. मोबाइलवरून त्याच अकाउंटमध्ये शिरा आणि डिव्हाइसेसच्या पानावर रिकव्हरी किल्ली शोधा. स्क्रीनवर किल्लीचा ओळख-क्रमांक असतो, तो जुळवून घ्या. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांकडे विचारा. लॅबमध्ये येतानाही ही किल्ली लिहून आणा, कारण आम्ही ड्राइव्ह जिवंत केली तरी किल्लीशिवाय आतलं काहीच वाचता येत नाही.

ड्राइव्ह परत येणं आणि डेटा परत येणं

ठाण्याच्या नौपाड्यातून एक तरुण आर्किटेक्ट आला होता. त्याच्या ड्राइव्हचा आकार चुकीचा दिसायला लागला होता. चुलतभावाने व्हिडिओ पाहून एक फर्मवेअर उतरवलं, बोर्डवरच्या दोन टोकांना पिनने शॉर्ट केलं आणि फर्मवेअर चढवलं. ड्राइव्ह लगेच पूर्ण आकाराची दिसू लागली. "भाऊ म्हणाला झाली दुरुस्त, आता फक्त फाइली काढायच्या." ड्राइव्ह खरंच दुरुस्त झाली होती. मी ती लावून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली. पहिल्या सेक्टरपासून, म्हणजे ड्राइव्हच्या पहिल्या कप्प्यापासून, शेवटच्यापर्यंत शून्यं. स्क्रीनवर शून्यांच्या ओळी सरकत होत्या आणि तो विचारत होता, "खाली असेल ना ताई, अजून खाली?" मी शेवटचा सेक्टर येईपर्यंत थांबले, कारण त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं असं मला वाटलं.

कारखान्यातलं ते साधन ड्राइव्ह पुन्हा विकण्याजोगी करायला बनवलेलं असतं. ते फर्मवेअर चढवतं आणि सोबत नवा कोरा नकाशा बनवतं. गोदाम चालू होतं, पण मुनिमाची जुनी वही जळालेली असते. एन्क्रिप्शन असेल तर नवी किल्लीही तयार होते, मग जुना माल गाळ्यात पडून असला तरी कुणाच्याच कामाचा राहत नाही. नेटवरचे 'मेलेली एसएसडी जिवंत करा' छापाचे व्हिडिओ खोटं बोलत नाहीत. त्यात ड्राइव्ह जिवंत होते, डेटाबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत.

लॅबमध्ये सुरुवात जवळपास अशीच दिसते, म्हणून गोंधळ होतो. आम्हीही ठरावीक टोकं शॉर्ट करून कंट्रोलरला त्याच्या मूळ अवस्थेत थांबवतो, म्हणजे तो बिघडलेलं फर्मवेअर उचलत नाही. पुढे मात्र चिपवर काहीही न लिहिता, पीसी-३००० सारख्या यंत्रणेतून एक छोटा प्रोग्राम फक्त कंट्रोलरच्या तात्पुरत्या मेमरीत चढवतो. त्याच्यामार्फत चिप्स वाचतो, नकाशाच्या जुन्या प्रती शोधतो आणि त्यांवरून आमच्या कॉम्प्युटरवर नवा नकाशा जुळवतो. वाचणारा कंट्रोलर मूळचाच असल्यामुळे विस्कटणं, कोड, एन्क्रिप्शन हे सगळं तोच उलगडून देतो. हे प्रत्येक कंट्रोलरसाठी वेगळं असतं आणि सगळ्या कंट्रोलरांसाठी ते उपलब्ध नाही. तुमच्या ड्राइव्हच्या झाकणावरचं मॉडेल एकच असलं तरी आत कंट्रोलर वेगवेगळे निघतात, म्हणून फोनवर 'मिळेल का' याचं उत्तर कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही.

या कारणाने घरी करू नयेत अशा गोष्टी सांगते. फर्मवेअर अपडेट नको, कंपनीचं अधिकृत असलं तरी आत्ता नको. विंडोजने 'डिस्क इनिशिअलाइज करा' म्हटलं तर रद्द करा. तेवढ्याने सगळं जात नाही, पण त्याच्या पुढचा प्रश्न फॉरमॅटचा असतो आणि घाईत माणूस 'हो' म्हणतो. अडकणाऱ्या ड्राइव्हवर विंडोजचं चेकडिस्क हे तपासणीचं साधन चालवू नका, चुकीचं वाचलेलं ते 'दुरुस्त' करून लिहितं. फ्रीजमध्ये ठेवू नका, हेअर ड्रायर मारू नका, इस्त्री तर नकोच नको. उष्णतेने पेशींतला चार्ज गळतो. भिजलेली असेल तर बॅटरी आणि वीज तोडा, वरवरचं पाणी टिपा आणि तशीच आणा. धुणं आणि सुकवणं योग्य द्रावणाने करावं लागतं.

इमेज घेणं: घरी करता येण्याजोगं

ड्राइव्ह दिसतेय, आकार बरोबर आहे, फक्त वाचताना अडखळतेय, आणि डेटा महत्त्वाचा असला तरी जिवाच्या मोलाचा नाही, अशा वेळी हे करा. फाइली एक एक करून ओढत बसण्यापेक्षा अख्ख्या ड्राइव्हची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज, घ्या आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करा.

लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरूनच कॉम्प्युटर चालू करता येतो असा, बनवा, त्यावर डीडीरेस्क्यू हे मोफत साधन मिळतं. बिघडलेल्या ड्राइव्हपेक्षा मोठी, रिकामी ड्राइव्ह घ्या. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडणारा भाग सोडून पुढे जातं आणि नंतर मागे फिरून राहिलेल्यावर पुन्हा प्रयत्न करतं. कुठवर आलं ते एका मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं, म्हणजे ड्राइव्ह मध्येच गायब झाली तर वीज काढून परत लावायची आणि तिथूनच पुढे सुरू करायचं. मॅप फाइल तिसऱ्याच ठिकाणी ठेवा.

सुरू करण्याआधी कागद-पेन घ्या. कुठली मूळ ड्राइव्ह आणि कुठली नवी, हे आकार आणि सीरियल नंबर पाहून लिहा, मोठ्याने वाचा, मग आज्ञा द्या. उलट झालं तर कोरी ड्राइव्ह मूळ ड्राइव्हवर लिहिली जाईल. रात्री दोन वाजता हे काम करू नका.

इमेज पूर्ण झाली की तिच्यावर टेस्टडिस्क, फोटोरेक, डीएमडीई किंवा आर-स्टुडिओ यांपैकी एखादं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा. पैसे देऊन घ्यायच्या सॉफ्टवेअरचा फुकट नमुना आधी वापरा, त्यात फाइल उघडून दाखवते का ते बघा. नुसती नावं दिसणं पुरेसं नाही. सापडलेलं सगळं तिसऱ्या ठिकाणी सेव्ह करा.

दुसरी प्रत शोधा, पैसे देण्याआधी

लॅबचा खर्च करण्याआधी एक तास शांत बसून यादी करा, तीच फाइल आणखी कुठे असू शकते. ईमेलमधल्या पाठवलेल्या अटॅचमेंट. व्हॉट्सॲपवर क्लायंटला पाठवलेली पीडीएफ. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस असते, बॅकअप झालेले गूगल फोटो डिलीट केल्यावरही ६० दिवस, घरगुती वनड्राइव्हची रिसायकल बिन ३० दिवस. जुना लॅपटॉप, नवरा-बायकोपैकी दुसऱ्याचा फोन, सीएच्या ऑफिसातली टॅलीची प्रत.

ऐरोलीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरची ड्राइव्ह कंट्रोलरसकट जळाली होती. किल्ली कंट्रोलरमध्ये, काहीच उपाय नव्हता. मी त्याला विचारलं, कॅमेऱ्याची कार्डं कुठे आहेत? "फॉरमॅट केली मॅडम, कॅमेऱ्यातच." त्याने बॅगेतून चार कार्डं काढून टेबलावर मांडली. त्यातलं एकच त्याने पुन्हा वापरलं होतं. कॅमेऱ्यातल्या फॉरमॅटने बहुतेक वेळा नुसती यादी पुसली जाते, फोटो तसेच असतात. तीन कार्डांतून हळद, सीमांतपूजन आणि लग्न पूर्ण मिळालं, रिसेप्शन अर्धं. तुमच्याकडे अशी कार्डं असतील तर त्यांना आत्तापासून हातही लावू नका.

लॅबमध्ये देताना

ड्राइव्ह चंदेरी अँटिस्टॅटिक पाकिटात, नाहीतर मूळ खोक्यात आणा. लोकरीत किंवा साध्या प्लास्टिकमध्ये नको. काय झालं आणि त्यानंतर तुम्ही काय काय करून पाहिलंत ते खरं सांगा. चुलतभावाने फर्मवेअर चढवलं असेल तर तेही. आम्ही रागावत नाही, पण लपवलंत तर आमचा वेळ आणि तुमचे पैसे वाया जातात.

हे प्रश्न नक्की विचारा. ड्राइव्ह इथेच तपासणार की पुढे दुसरीकडे पाठवणार? स्टेशनजवळची पुष्कळ दुकानं फक्त पुढे पाठवतात. त्यात वावगं काही नाही, पण ती कुणाच्या हातात जातेय ते तुम्हाला कळलं पाहिजे. तपासणीचे पैसे किती, आणि डेटा मिळाला नाही तर काय द्यावं लागेल? मूळ ड्राइव्हवर काही लिहिणार आहात का? पैसे भरण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी आणि काही फाइली उघडून दाखवणार का? उत्तरं लेखी घ्या. ड्राइव्ह न पाहता 'शंभर टक्के मिळेल' म्हणणाऱ्याकडून परत फिरा.

वॉरंटी चालू असेल तर घाई करू नका. सर्व्हिस सेंटर तुम्हाला बदली ड्राइव्ह देतं, जुनी सहसा ठेवून घेतं, आणि डेटा त्यांच्या हिशेबात नसतो. आधी डेटा, मग वॉरंटी. मात्र लॅबने स्टिकर काढला तर वॉरंटी राहील का, हे कंपनीला ईमेलने विचारून ठेवा.

मॅकबुकवाल्यांसाठी एवढंच: २०१८ पासूनच्या, ॲपलची टी२ सुरक्षा चिप असलेल्या आणि २०२० पासूनच्या एम मालिकेच्या मशीनमध्ये किल्ली बोर्डवरच्या त्या चिपमध्येच बंद असते, आणि एम मालिकेच्या मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डवरच सोल्डर केलेलं आहे. डेटा हवा असेल तर अख्खा बोर्ड चालू करावा लागतो. त्यामुळे बोर्डाच्या पातळीवर दुरुस्ती करणारा माणूस शोधा. बोर्ड बदलून देणारा उपयोगाचा नाही.

खर्चाचं ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. वीजपुरवठ्याच्या भागातला छोटा कपॅसिटर शॉर्ट झाला असेल तर काम लवकर होतं आणि यशाची शक्यता चांगली असते, कारण कंट्रोलर आणि चिप्स जागच्या जागी शाबूत असतात. काकूंच्या ड्राइव्हचं तेच झालं होतं. नकाशा जुळवायचा असेल तर दिवस लागतात. आणि कंट्रोलर स्वतः जळाला असेल, आत एन्क्रिप्शन असेल, तर 'नाही' हे उत्तर लवकर मिळणंही तुमच्या फायद्याचं आहे. ते उत्तर तपासणीतच देणारी लॅब चांगली.

डेटा मिळाल्यावर

नवी ड्राइव्ह घ्याल तेव्हा दुसरी प्रत हार्डडिस्कवर ठेवा, तिसरी घराबाहेर, क्लाउडवर किंवा डोंबिवलीच्या भावाकडे. एसएसडी कपाटात वर्षानुवर्षं ठेवायची वस्तू नाही. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेच्या मानकाप्रमाणे घरगुती एसएसडीने आपली लिहिण्याची मर्यादा संपल्यावर, वीज नसताना, ३० अंश तापमानात एक वर्ष डेटा टिकवणं अपेक्षित आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात बंद कपाटातलं तापमान किती असतं ते तुम्ही जाणता.

दोन एकसारख्या ड्राइव्ह रेडमध्ये, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिलं जाईल अशा, लावल्या की झाला बॅकअप, असं महापेच्या छोट्या ऑफिसांत अजून ऐकू येतं. सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केलं होतं की त्यांच्या काही एसएसडी फर्मवेअरच्या दोषामुळे बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतात. एकाच दिवशी चालू केलेल्या दोन्ही ड्राइव्ह मग एकाच वेळी जाणार. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये ड्राइव्हची तब्येत महिन्यातून एकदा बघा, पण '९८ टक्के चांगली' दाखवणारी ड्राइव्ह दुसऱ्या दिवशी बंद पडलेलीही मी पाहिली आहे. ते आकडे पेशींची झीज सांगतात, नकाशा कधी बिघडेल ते सांगत नाहीत.

लॅबमधून डेटा घेताना तिथेच बसून तपासा. मोठे व्हिडिओ मधूनच चालवून बघा, एक्सेल फाइली उघडा, ऑटोकॅडची रेखाचित्रं झूम करून बघा, ज्या फोल्डरसाठी आलात ते आधी. लॅब तिची प्रत किती दिवस ठेवते ते विचारा, घरी दोन ठिकाणी कॉपी झाल्यावर फोन करून ती पुसायला सांगा. जुनी ड्राइव्ह परत मागून घ्या. त्यात तुमचं आधार, बँकेचे कागद, घरच्यांचे फोटो असतात. चिप्स फोडून मगच ती ई-कचऱ्यात द्या.